आवाजी मतदान

सोनतळे महानगरपालिकेत एकट्याने कुणी कधी काही मंजूर केलेलं नव्हतं. बरंवाईट जे काही झालं ते सगळ्यांनी मिळून, एका सुरात. नगरसचिव विषय वाचायचे, महापौर चष्म्यावरून सभागृहाकडे बघायचे आणि चहूबाजूंनी कल्लोळ उठायचा, "मंजूर, मंजूर, मंजूर." बाकं बडवली जायची. त्या गदारोळात खरंच कोण ओरडलं, कोण नुसतंच तोंड हलवत होतं आणि कोण शेजाऱ्याशी नातवाच्या बारशाचं बोलत होतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. याला आवाजी मतदान म्हणतात. त्यात सोय अशी, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक नगरसेवक आपल्या वॉर्डात छातीवर हात ठेवून सांगायला मोकळा, "मी विरोधच केला होता हो, पण एकट्याचं ऐकतं कोण?" बागेची जागा मंगल कार्यालयाला गेली तेव्हा तर वॉर्डावॉर्डांतल्या कहाण्या गोळा केल्या असत्या, तर अख्ख्या सभागृहाने विरोध केला होता. ठराव मात्र मंजूर झाला होता.

या सोयीवर पाणी फिरवलं ते शाल्मली उपळेकरने.

शाल्मली गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवायची. चाळिशी उलटलेली, घटस्फोटानंतर एकटी राहणारी, कमी बोलणारी आणि जास्त ऐकणारी बाई. गोंगाट म्हणजे आवाजांची खिचडी नव्हे, असं ती मुलांना सांगायची. शिजलेल्या खिचडीतून डाळ आणि तांदूळ पुन्हा वेगळे होत नाहीत, आवाज होतात.

कसे होतात, तेही ती सांगायची. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात. सभागृहात प्रत्येक बाकावर एक माइक. नगरसेवक तात्या घोरपडे ओरडले की त्यांचा आवाज आधी त्यांच्याच माइकला पोचणार, मग शेजारच्याला, मग कोपऱ्यातल्याला, आणि दर वेळी थोडा उशिरा, थोडा बारीक. एकच ओरडा सगळ्या माइकमध्ये असा मागेपुढे उमटतो. ते सगळे ठसे एकमेकांवर सरकवून बघितले की ओरडा कुठल्या बाकावरून आला ते कळतं. शिवाय प्रत्येकाचा घसा, टाळू, नाकाची पोकळी वेगळी, म्हणून आवाजाचा पोतही वेगळा. नगरसेवकांच्या वर्षानुवर्षांच्या भाषणांवरून संगणकाने तो पोत शिकून घ्यायचा. भाषणांना तर काही तोटा नव्हता.

अडचण एकच होती, प्रत्येक माइकचं वेगळं ध्वनिमुद्रण हाती लागायला हवं होतं. ते मिळवून दिलं गिरिजा हिरेमठने. गिरिजा ही विणकर पेठेची नगरसेविका आणि शाल्मलीची शाळेतली, एका बाकावरची मैत्रीण. सभांची सगळी मुद्रणं लोकांना खुली करावीत असा ठराव तिने मांडला. तोसुद्धा "मंजूर, मंजूर" म्हणतच झाला, कारण त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नव्हतं.

त्या मुद्रणांवर शाल्मलीने जे यंत्र बसवलं त्याला तिने नाव दिलं 'चाळण'. सभा संपली की चाळण प्रत्येक विषयापुढे प्रत्येक नगरसेवकाचं मत लिहायची: मंजूर, नामंजूर किंवा मौन. लोकांनी ते फोनवर घेतलं. नळावर पाणी भरताना बायकांच्या कमरेचा फोन बोलून दाखवायचा, "तुमच्या प्रभागाचे सदस्य, मंजूर." सोनतळ्यात हसूही झालं आणि रडूही झालं. एक नगरसेवक सभेत तोंडाला रुमाल लावून बसू लागले. एकांनी घसा बसल्याचा दाखला आणला. छातीवर हात ठेवून बोलणं मात्र एकदम कमी झालं.

शाल्मलीचं नाव झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. पण त्याच सुमाराला तिच्या लक्षात आलं की ती स्टाफरूममध्ये शिरली की बोलणारे थांबतात. सोसायटीच्या बैठकीत लोक चिठ्ठ्यांवर लिहून मत देऊ लागले. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू नुसत्या हसायच्या. आपण गर्दीतला आवाज वेगळा काढतो, चोरून ऐकत नाही, हे ती कुणाकुणाला समजावणार? जिला सगळ्यांचं ऐकू येतं तिच्याशी कुणी बोलत नाही, असं काहीसं होऊन बसलं. तिला त्याचं वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. मग ती गिरिजाकडे जायची. तिथे तिला न विचारता जमिनीवर ताट मांडलं जायचं आणि "शाल्मे, तुझा तो डबा बंद करून आलीस न्हवं?" एवढीच चेष्टा व्हायची.

तेवढ्यात सूतिकागृहाचा विषय आला.

विणकर पेठेत महापालिकेचं जुनं सूतिकागृह होतं. पेठेतल्या निम्म्या माणसांचा जन्म तिथला. ते बंद करून जागा खाजगी रुग्णालयाला भाड्याने द्यायची, असा ठराव गिरिजाच्याच पक्षाने आणला आणि पक्षादेश काढला: विरोधात मत द्याल तर पद जाईल. ठराव मंजूर झाला. संध्याकाळी पेठेतल्या बायका गिरिजाच्या दारात जमल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "देवाशप्पत सांगते, मी नाही म्हटलंय," ती म्हणाली. बायकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी नळावर फोन बोलला, "तुमच्या प्रभागाच्या सदस्या, मौन."

कुणी भांडायला आलं नाही. भांडणं झाली असती तर बरं झालं असतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू गिरिजाकडे दर वर्षी दणक्यात व्हायचं. घटस्फोट झाल्यापासून शाल्मलीला हळदीकुंकवाला बोलावणारं सोनतळ्यातलं ते एकच घर होतं. पहिल्या वर्षी कुणी सासूबाई कुजबुजल्या, तर गिरिजाने सगळ्यांच्या आधी शाल्मलीला कुंकू लावलं आणि म्हणाली, "हिचं कपाळ काय भाड्याचं हाय?"

यंदा शाल्मली कॉलेज सुटल्यावर पोचली तेव्हा दिवेलागण होत आली होती. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, ताटात तिळगूळ, आणि वाण म्हणून चहाच्या गाळण्यांची रास. चाळणीच्या नावाने गाळण्या, ही गिरिजाची गंमत. महिनाभर आधीच आणून ठेवलेल्या. रास शिगोशीग होती. दारात एकसुद्धा चप्पल नव्हती.

"मालनताईपण आली न्हाई," गिरिजा म्हणाली. मालन कोष्टी म्हणजे पेठेतल्या बायकांची म्होरकी. गिरिजाच्या निवडणुकीत घरोघर फिरून तिने स्वतःच्या चपला झिजवल्या होत्या.

शाल्मली तिच्याजवळ सतरंजीवर बसली. "दुपारी काही खाल्लंस का?" तिने विचारलं.

गिरिजाने जीभ टाळ्याला लावून नुसतं "च्च" केलं.

नाही म्हणायची आपल्याकडची ही सगळ्यांत स्वस्त रीत. ओठ उघडावे लागत नाहीत, मान हलवावी लागत नाही. विचारणाऱ्याला कळतं आणि पलीकडच्याला पत्ता लागत नाही. शाल्मलीच्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच राहिली. तिनेच चाळणीला शिकवलं होतं की घशातून न निघालेला, पापणी लवायच्या आत संपणारा आवाज म्हणजे कचरा: पेनची टिकटिक, बाकाचं लाकूड, अंगठीचा खडा. असा आवाज आला की आधी फेकून दे.

"गिरिजा, सभेत असंच केलंस का तू? असंच नाही म्हणालीस?"

"मग काय बोंब मारायची व्हय? गटनेता माझ्याच तोंडाकडं टक लावून बसलेला."

शाल्मलीला एवढा आनंद झाला की तिने मैत्रिणीचे दोन्ही हात धरले. "मग चूक माझी आहे. माझ्या मशीनने तुझा नकार झाडून टाकला. उद्या शोधते आणि चुकीची दुरुस्ती माझ्या नावानिशी छापते."

गिरिजाने तेव्हा कुठे तिळगुळाची एक वडी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीने प्रयोगशाळेत मूळ मुद्रण लावलं, चाळणीची कचरा फेकणारी झाडणी बंद केली आणि गिरिजाच्या माइकवर कान दिला. नगरसचिवांचा आवाज, कागदांची सळसळ, मग "मंजूर, मंजूर" असा धबधबा. आणि त्याच्या खाली, अगदी जवळ, स्वच्छ: "च्च."

तिने टेबलावर थाप मारली. पण मुद्रण संपलं नव्हतं. लगेच पुढे, थोड्या हळू, आणखी एक "च्च." मग आणखी एक. मग लांब सुस्कारा.

शाल्मलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. मराठी घरात वाढलेल्या लहान पोरालाही हे कळतं: एकदा केलं तर नकार, आणि ओळीने तीनदा केलं तर हळहळ. कुणाच्या घरी वाईट झाल्याचं ऐकलं की आपण असेच चुकचुकतो आणि मग चहाला लागतो.

तिला ते खरं मानायचं नव्हतं. तिने गिरिजाची जुनी मुद्रणं काढली. शेजारच्या बाकावरची सदस्या विचारायची, "ताई, पंखा लावू?" तिथे एकच, खणखणीत. आणि सभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव वाचले जायचे, तिथे तीन, उतरत जाणारे, शेवटी सुस्कारा. सूतिकागृहाच्या वेळचा आवाज तिने शोकप्रस्तावातल्या आवाजावर ठेवला. तंतोतंत बसला.

मग तिने वेगळा रस्ता शोधला. जिभेचा असा कुठलाही आवाज नकार धरावा, एक असो की तीन, असा नियम चाळणीला घालून बघितला. त्यासरशी तात्या घोरपडे वर्षभरातल्या जवळजवळ प्रत्येक विषयाला विरोध करणारे एकमेव शूर नगरसेवक ठरले. तात्यांच्या दातात सुपारी अडकायची.

संध्याकाळी ती गिरिजाच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. गिरिजा भाकरी थापत होती.

"सापडलं?"

"सापडलं. पण एक नाही गं, तीन आहेत."

गिरिजाचे हात क्षणभर थांबले. तिला समजायला वेळ लागला नाही. "मग तीनदा नाही म्हटलं असं लिही की," ती म्हणाली आणि पुन्हा थापू लागली.

"तू हळहळलीस, गिरिजा. नाही म्हणाली नाहीस."

"हळहळणं म्हंजे हो म्हणणं झालं का?"

"नाही झालं. म्हणूनच मौन लिहिलंय."

गिरिजाने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज खाली आणून, समजुतीने म्हणाली, "हे बघ शाल्मे. तू फक्त एवढंच लिहायचं, जिभेचा आवाज, नकार. बायकांना कळंल मी नाही म्हटलेलं. आणि गटनेत्यानं विचारलं तर मी सांगते, दातात कण अडकलेला. कुणाचं काय बिघडतंय?"

एवढी चोख युक्ती होती की शाल्मलीला हसू आलं. तिने लिहिलं असतं तर कुणीही तपासलं नसतं. सोनतळ्यात चाळणीवर अविश्वास दाखवणारं आता कुणी उरलं नव्हतं. आणि गावात तिला येता-जाता दार उघडं असलेलं हे एक घर होतं. तिने तव्यावरच्या भाकरीकडे बघितलं. त्यातली एक तिच्यासाठी होती.

"नाही जमणार," ती म्हणाली.

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुझ्यासाठी केलं तर उद्या तात्यांसाठीही करावं लागेल. मग चाळण आणि ते बाक बडवणं, फरक काय राहिला?"

"मला माझ्या पेठेतल्या नळावरनं खाली मान घालून जावं लागतं," गिरिजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या ओसरीला बाई चढत न्हाई. आणि तू मला एक नि तीन मोजून दाखवतीस. मला पोटातनं किती तुटलं होतं त्या दिवशी, ते न्हाई आलं का तुझ्या मशीनमधी?"

"आलं. म्हणून तर तीन आले. पण ते सभागृहाला नाही सांगितलंस तू. तुझ्या तुलाच सांगितलंस."

भाकरी करपल्याचा वास आला. गिरिजाने गॅस बंद केला. "जा तू आता," ती म्हणाली. "जा."

त्यानंतर गिरिजाने फोन उचलला नाही. शाल्मली कॉलेजात जायची, शिकवायची, परत यायची. घरी एका माणसाचा भात लावायची. कधीकधी दिवसाचं पहिलं वाक्य ती तासावर फळ्यापाशीच बोलायची. एकदा न राहवून तिने गिरिजाची जुनी भाषणं लावली. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल, गटारांबद्दल, पाळणाघराबद्दल. चाळणीने तो आवाज इतका निवडून दिला होता की श्वाससुद्धा ऐकू यायचा. मैत्रीण बोलत नव्हती, पण तिचा आवाज सार्वजनिक होता. कुणालाही मिळण्यासारखा, तसा तिलाही. शाल्मली जेवताना तो लावून ठेवू लागली. आपण हे काय करतोय याची तिला लाज वाटायची, तरी लावायची.

पुढच्या महिन्याच्या सभेत सूतिकागृहाच्या भाडेपट्ट्याच्या अटी मंजुरीला आल्या. पुन्हा पक्षादेश निघाला. शाल्मली प्रयोगशाळेत, या वेळी चाळण थेट प्रक्षेपणालाच जोडून, कानाला हेडफोन लावून ऐकत होती. नगरसचिवांनी विषय वाचला. "मंजूर, मंजूर, मंजूर," सभागृह गर्जलं, बाकं वाजली. पडद्यावर एकेक नाव उजळत गेलं. गिरिजाच्या नावापुढे काहीच नव्हतं. गर्जना ओसरली. महापौर पुढचा विषय पुकारणार, इतक्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"नामंजूर," गिरिजा म्हणाली.

महापौरांच्या माइकमध्ये कागद सळसळला.

"ताई, विषय मंजूर झालेला आहे," महापौर म्हणाले.

"व्हय. माझ्याशिवाय झालाय. गिरिजा हिरेमठ, विणकर पेठ, नामंजूर. नाव घालून लिहा तेवढं."

गटनेता काहीतरी पुटपुटला, तेही चाळणीने निवडून दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाल्मलीने हेडफोन काढला आणि ती मनसोक्त रडली. हा आवाज वेगळा करायला तिच्या यंत्राची गरज लागली नव्हती. तिने लगेच फोन लावला. घंटी वाजत राहिली.

चार दिवसांत गिरिजाचं पद रद्द करण्याचा अर्ज पक्षाने दाखल केला. सूतिकागृहाला कुलूप लागलं ते लागलंच. शाल्मलीने आठवडाभर वाट बघितली आणि रविवारी ती स्वतःच विणकर पेठेत गेली.

दारात चपलांचा ढीग होता. ओसरीवर सतरंजीभर बायका बसल्या होत्या, मधोमध गिरिजा, आणि तिच्या मांडीला मांडी लावून मालन कोष्टी. अर्जाला उत्तर कसं द्यायचं, मोर्चा कधी काढायचा, असं काहीतरी तावातावाने चाललं होतं. शाल्मली पायरी चढली तशी बोलणं थांबलं. मालनने दुसऱ्या एकीकडे बघितलं. कुणीतरी पदर सावरला.

गिरिजा उठली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर शाल्मलीला धीर आला असता.

"या मॅडम," ती म्हणाली. "बसा."

आतून प्लास्टिकची खुर्ची आणवली गेली. सगळ्याजणी खाली आणि शाल्मली खुर्चीवर, अशी ती बसली. चहा आला, कपबशीतून, ट्रेमधून. तो संपेपर्यंत मालन उन्हाळ्याबद्दल बोलत होती, या वर्षी लवकर तापायला लागलंय म्हणत होती. बाकीच्या हं हं करत होत्या.

"मी ऐकलं त्या दिवशी," शेवटी शाल्मली गिरिजाला म्हणाली. "सगळं ऐकलं."

"ऐकलं असणारच," गिरिजा म्हणाली. "तुमचं कामच ते."

तेवढ्यावर शाल्मली उठली. गिरिजा तिला फाटकापर्यंत सोडायला आली. या घरातून निघताना तिला सोडायला आजवर कुणी आलं नव्हतं. ती आपली आपण जायची, जाताना डब्यात काहीतरी घेऊन.

"येत चला अधूनमधून," गिरिजा म्हणाली.

मागे ओसरीवर बायकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. शाल्मलीने "हो" म्हटलं, तोवर गिरिजा पाठ फिरवून त्यांच्यात जाऊन बसली होती.